सायकलवर लॅपटॉप न्यायचाय? आधी त्याचा चार्जर बघा

दिवाळी संपली की सायकलवाल्यांची पत्रं सुरू होतात, कारण डिसेंबर-जानेवारी म्हणजे आपल्याकडचा टूरिंगचा सीझन. एरवी टायर कुठले घेऊ, पॅनियर (कॅरियरच्या बाजूला लटकवायची बॅग) कुठली घेऊ असं विचारतात, ह्यावेळी मात्र बऱ्याच जणांना लॅपटॉप कुठला न्यायचा ते हवंय. वर्क फ्रॉम होमची कृपा, दुसरं काय. त्यातली थोडी पत्रं इथे घेतलीयेत.

प्रश्न (सातारा) : मी घरून भाषांतर आणि मुद्रितशोधनाचं काम करते. डिसेंबरमधे आम्ही तिघी मैत्रिणी अलिबागपासून किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जाणार आहोत, घाई अजिबात नाही, साधारण तीन आठवडे, सकाळी सायकल आणि दुपारनंतर काम असं ठरवलंय. घरचा लॅपटॉप साडेपंधरा इंची आहे, तो पॅनियरमधे जातच नाही. बजेट पंचवीस हजार. भाऊ म्हणतो त्यात नवा कोरा लॅपटॉप येतो, जुना कशाला घेतेस, आणि सायकल ग्रुपवाले म्हणतात मॅकबुक एअर घे आणि मोकळी हो. काय करू?

उत्तर : ताई, आत्ता तरी दोघांचंही ऐकू नका.

भावाचं म्हणणं चूक नाही, पंचवीस हजारात नवा लॅपटॉप येतो, पण कसला येतो ते बघा. बहुतेक वेळा सेलेरॉनच्या जातीचा, म्हणजे अगदी हलका प्रोसेसर, ४ किंवा फार तर ८ जीबी रॅम, आणि खूपदा एसएसडीच्या ऐवजी बोर्डावरच चिकटवलेली ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी, म्हणजे मेमरी कार्डाच्या जातीची साठवण, जी नंतर बदलता येत नाही. ६४ जीबीवर विंडोज आणि त्याची अपडेटं बसली की तुमच्या फायलींना कोपराच उरतो, आणि ४ जीबी रॅमवर वर्डची मोठी फाईल, शब्दकोशाचे चार टॅब आणि पीडीएफ एकत्र उघडलं की माउसचा बाण गोल गोल फिरत बसतो. बॉडी प्लॅस्टिकची, बिजागऱ्या नाजूक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार्जर बरेचदा जुन्या गोल पिनेचा. ह्या शेवटच्या गोष्टीवर मी पुढे बरंच बोलणार आहे.

त्याच पैशात जुना बिझनेस लॅपटॉप घ्या. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना जे लॅपटॉप देतात ते तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बाहेर पडतात आणि मग रिफर्बिश्ड, म्हणजे साफसूफ-दुरुस्त केलेले म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत सगळीकडे विकायला येतात. हे मुळात महागडे, रोज बॅगेतून फिरवायला बनवलेले, म्हणून हलकेही असतात आणि मजबूतही. तीन नावं सांगतो, तिन्ही साधारण २०१८च्या सुमाराची. लेनोवो थिंकपॅड एक्स २८०, साडेबारा इंची, वजन सव्वा किलोच्या आत. डेल लॅटिट्यूड ७२९०, तोही साडेबारा इंची आणि वजन जवळपास तेवढंच. एचपी एलिटबुक ८३० जी५ थोडा मोठा, १३.३ इंची, वजन १.३३ किलोपासून पुढे. पंचवीसच्या आत ह्यातला एखादा धडधाकट पीस मिळायला हरकत नाही. एक्स २८०ची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, म्हणजे ८ जीबीचा घेतला तर जन्मभर ८च, म्हणून आधीच ठरवून घ्या. एलिटबुकमधे रॅमला दोन स्लॉट आहेत, नंतर वाढवता येते. तुमच्या कामाला ८ चालेल, १६ मिळाली तर सोडू नका.

ह्याच्यापेक्षा जुना घेऊ नका, दुकानदार कितीही स्वस्त देत असला तरी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, सातव्याला एखाददुसरा अपवाद सोडला तर नाही. जनरेशन ओळखायची कशी तर प्रोसेसरचा नंबर बघायचा, आय ५-८२५०यू किंवा ८३५०यू असं डॅशनंतर ८ ने सुरू होत असेल तर आठवी, आय ५-७२००यू असेल तर सातवी. दुकानदार म्हणेल की सातवीवर पण आपण ११ टाकून देतो की. टाकता येतं, खरंय, पण उद्या एखादं मोठं अपडेट अडकलं तर ते तुम्ही गुहागरला बसून निस्तरणार का? लिनक्स जमत असेल तर गोष्ट वेगळी, मग सातवीचाही बिनधास्त घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगली पॅनियर घ्या. पण तुमच्या धंद्यात कोणीतरी प्रकाशक श्रीलिपीतली (छपाईवाल्यांच्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधली) फाईल पाठवतोच, तेव्हा विंडोजवर राहिलेलं बरं. ह्याच कारणासाठी मी तुम्हाला क्रोमबुक सुचवत नाहीये, नाहीतर फक्त गूगल डॉक्सवर काम करणाऱ्याला ते वाईट नाही, २०२१ नंतरच्या क्रोमबुकांना गूगल दहा वर्षं अपडेट देतं.

आता चार्जर. सायकलवाले लॅपटॉपचं वजन ग्रॅमपर्यंत विचारतात आणि चार्जरचं विचारतच नाहीत, जुना वीट चार्जर आणि त्याची ती जाड तीनपिनी वायर मिळून तीनशे-चारशे ग्रॅम सहज होतात आणि बॅगेत जागा खातात ती वेगळीच. म्हणून लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होणाराच घ्यायचा, ही माझी एकमेव अट समजा, बाकी सगळ्यात तडजोड चालेल. मग ६५ वॉटचा एकच छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, म्हणून आकाराने लहान) चार्जर, दोन पोर्टवाला, त्यावर लॅपटॉप, फोन, पॉवरबँक सगळं होतं, सायकलचा लाइट टाइप-सीचा असेल तर तोही. आणि तो बिघडला तर दापोलीत किंवा मालवणात मोबाइलच्या दुकानात दुसरा मिळण्याची काहीतरी आशा असते, गोल पिनेचा नेमका तुमच्या मॉडेलचा चार्जर तिथे कोण ठेवणार. फक्त चार्जरवर पीडी (पॉवर डिलिव्हरी) असं लिहिलेलं बघा आणि आउटपुटमधे २० व्होल्टचा आकडा आहे का ते बघा, नुसता मोबाइलचा फास्ट चार्जर असेल तर लॅपटॉप एकतर चार्जच होत नाही किंवा रडत रडत होतो. केबल पण ६० वॉटच्या वरची लागते, फोनबरोबर आलेली पातळ केबल नको.

दुकानात गेलात की हे करा. चार्जर आपला घेऊन जा आणि टाइप-सीची दोन पोर्ट असतील तर दोन्हींत लावून बघा, पिन हलक्या हाताने हलवा, चार्जिंगचं चिन्ह जातं-येतं असेल तर तो पीस नको, हे पोर्ट म्हणजे जुन्या लॅपटॉपची सगळ्यात वापरलेली जागा. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, एक फाईल तयार होते, ती ब्राउझरमधे उघडली की वरच्या बाजूला डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) असे दोन आकडे दिसतात. एक्स २८०ची नवी बॅटरी ४८ वॉट-अवरची, म्हणजे ४८ वॉट तासभर पुरतील एवढी. दुसरा आकडा ३८च्या (रिपोर्टात तो ३८,००० असा दिसतो) आसपास असेल तर ठीक आहे, लिहिण्या-वाचण्याच्या कामाला ब्राइटनेस निम्मा ठेवून हे लॅपटॉप सात-आठ वॉट खातात, म्हणजे पाच तास निघतात. आकडा पंचवीसच्या खाली असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा किंमत पाडा. 'बॅटरी एकदम ओके आहे मॅडम' ह्या वाक्याला काही अर्थ नसतो, रिपोर्ट बघायचाच. स्क्रीन फुल एचडी आहे का तेही विचारा, ह्यांतल्या काही मॉडेलांत १३६६ बाय ७६८चे मिणमिणते पॅनेल पण येतात आणि मुद्रितशोधनात अनुस्वार शोधता शोधता डोळे जातात. कीबोर्डची प्रत्येक की एकदा दाबा.

आणि ग्रुपवाले म्हणतात ते मॅकबुक? २०२०चा एम १ एअर खरंच सुंदर आहे, १.२९ किलो, पंखाच नाही त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही, बॅटरी दिवसभर पुरते, ३० वॉटच्या टाइप-सी चार्जरवर आरामात चालतो. पैशाचा प्रश्न नसता तर मी हेच सांगितलं असतं. पण जुना घेतला तरी चांगल्या अवस्थेतला पंचवीसात बसत नाही, आणि दुसरं असं की सायकलवर न्यायची वस्तू अशी हवी की ती भिजली, पडली, चोरीला गेली तर दोन दिवस हळहळ वाटेल पण टूर पुढे चालू राहील. तुम्ही आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी घेणार. बोटीत टेम्पो, गाड्या, मोटरसायकली खच्चून भरतात, तुमची सायकल कठड्याला टेकवलेली, आणि बोट धक्क्याला लागताना कुणाच्यातरी बाइकचं हँडल तिला लागतं आणि ती आडवी होते. त्या क्षणी पॅनियरमधे किती हजारांची वस्तू आहे हे आठवत बसायला लागू नये.

म्हणून ठेवायचा कसा ते पण सांगतो. मागच्या पॅनियरमधे, कॅरियरला चिकटणारी जी आतली बाजू असते तिथे उभा, म्हणजे सायकल पडली तरी मार आधी बाहेरच्या कपड्यांना. तळाशी कॅम्पिंग मॅटचा कापलेला तुकडा किंवा गुंडाळलेला टॉवेल, कारण खड्ड्याचा दणका खालून येतो. मिटताना स्क्रीन आणि कीबोर्डच्या मधे पातळ सुती कापड, हे विसरू नका, किनाऱ्यावरच्या वाळूचा एक कण आत राहिला आणि वरून दाब आला की स्क्रीनला ओरखडा नाहीतर तडा. बॅगेत टाकण्याआधी शटडाऊन, नुसतं झाकण मिटायचं नाही, काही लॅपटॉप बंद झाकणात जागेच राहतात आणि बॅगेत तापतात. पाठीवरच्या सॅकमधे तर नकोच, कोकणातल्या घामाने तो लॅपटॉप पावसाशिवाय भिजेल.

राहता राहिलं वजन. एक किलो की सव्वा किलो ह्यावर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की दुसरी पाण्याची बाटली किती मिलीची आहे. खाडी ओलांडली की लगेच उभा चढ, तो चढला की उतार आणि पुन्हा खाडी, असा तो रस्ता आहे, तिथे वजन जाणवतं हे खरं, पण दोनशे ग्रॅमसाठी वीस हजार मोजायची गरज नाही. त्यापेक्षा बॅगेतले जास्तीचे कपडे कमी करा.

प्रश्न (पुणे) : डायनॅमो हब (चाकाच्या मधोमध बसणारा, चालताना वीज करणारा) बसवला तर लॅपटॉप चालत्या सायकलवर चार्ज होईल का? की घडीचं सोलर पॅनेल घेऊ?

उत्तर : डायनॅमोवर नाही होणार. हब डायनॅमो म्हणजे ६ व्होल्ट, ३ वॉटची वस्तू, बऱ्यापैकी वेगात पाच तास पायडल मारलंत तर हिशोबाने १५ वॉट-अवर, त्यातलेही रूपांतरात काही जाणार. लॅपटॉपची बॅटरी ४०-५०ची. फोन, जीपीएस आणि लाइट ह्यांच्यासाठी हब उत्तम आहे, लॅपटॉपसाठी चार दिवस चालवत बसावं लागेल. सोलर पॅनेलचं म्हणाल तर २० वॉटचं पॅनेल कॅरियरवर आडवं टाकून, झाडांच्या सावलीतून जाताना, लिहिलेल्या आकड्याच्या जवळपासही फिरकत नाही. चार दिवस एकाच जागी तंबू ठोकणाऱ्याला ते कामाचं, रोज हलणाऱ्याला नाही.

त्यापेक्षा पीडीवाली २०,००० एमएएचची पॉवरबँक घ्या. २० एएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर, त्यातले पंचावन्न-साठ लॅपटॉपपर्यंत पोचतात, म्हणजे एक पूर्ण चार्ज. वजन साधारण चार-साडेचारशे ग्रॅम. आउटपुट ४५ वॉट किंवा जास्त असलेलीच घ्या, २२.५ वॉटवाल्या स्वस्त पॉवरबँका फोनसाठी असतात. आणि खरं सांगू का, महाराष्ट्रात सायकल चालवताना रोज रात्री कुठेतरी प्लग मिळतोच, दुपारी जेवायला थांबलात की खानावळीतही मिळतो, मालकाला विचारायचं फक्त. पॉवरबँक ही लाइट गेले तर म्हणून.

गंमत म्हणून सांगतो, सायकलवर कॉम्प्युटर नेऊन त्यावर पोट भरण्याचं हे खूळ चाळीस वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेतला स्टीव्हन रॉबर्ट्स १९८३ साली ओहायोतून रिकंबंट (मागे रेलून चालवायच्या) सायकलवर निघाला, बरोबर रेडिओ शॅकचा मॉडेल १०० हा लॅपटॉप, आठ ओळींचा स्क्रीन, आणि तो चालायचा चार पेन्सिल सेलवर, एका सेटवर वीस तासांच्या आसपास! लेख लिहायचे आणि फोनच्या लाइनवरून पाठवायचे. पुढे ह्याच माणसाने सायकलवर इतकी यंत्रं चढवली की तिसऱ्या सायकलीचं वजन ५८० पौंड म्हणजे अडीच क्विंटलच्या वर गेलं. हे वाढत कुठपर्यंत जातं ते त्याच्याकडून शिकावं.

प्रश्न (कोल्हापूर) : सर, मी इंजिनिअरिंगला आहे, जूनमधे मनाली-लेह करायचंय. माझा गेमिंग लॅपटॉप २.३ किलोचा आहे, आणि घरात बाबांचा जुना १४ इंची पण पडलाय, हार्ड डिस्कवाला. गोप्रोचं फुटेज रोज उतरवून एडिट करायचंय. कुठला नेऊ?

उत्तर : अरे, दोन्ही घरी ठेव. गेमिंगवाल्याच्या चार्जरचंच वजन बघ एकदा, आणि तो टाइप-सीवर पूर्ण ताकदीने चालत नाही. बाबांचा तर मुळीच नको, फिरती हार्ड डिस्क बहुतेक १०,००० फुटांपर्यंतच चालवायची म्हणून दिलेली असते, कारण आत डोकं आणि तबकडी ह्यांच्यात हवेचा थर असतो आणि विरळ हवेत तो नीट धरत नाही. लेहच साडेअकरा हजारांच्या वर आहे, वाटेतले पास त्याहून कितीतरी उंच. शिवाय खडखडाट. एसएसडीला ह्यातलं काही होत नाही, तेव्हा बाबांच्या लॅपटॉपला एसएसडी बसवून तो कॉलेजात वापर, तिकडे नेऊ नकोस.

रोज एडिट करायचा हट्ट सोड, दिवसभर घाट चढल्यावर तू जेवशील आणि झोपशील. फुटेज फक्त सुरक्षित हवं ना? मग दोन-तीन जास्तीची मेमरी कार्डं आणि एक छोटी पोर्टेबल एसएसडी, ती टाइप-सी फोनला थेट लागते, कार्ड रीडर लावून रात्री कॉपी मारायची. सगळं मिळून पाव किलोच्या आत. थंडीत बॅटऱ्या लवकर बसतात, रात्री फोन आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगेत घेऊन झोप. आणि प्रीपेड सिम घेऊन जाशील आणि मग फोन लागत नाही म्हणून रडशील, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड लडाखमधे चालत नाही, पोस्टपेड करून घे निघायच्या आधी.

प्रश्न (नागपूर) : मी बँकेतून निवृत्त झालो. सायकलने नर्मदा परिक्रमा करण्याचा संकल्प आहे. रोजनिशी लिहायची आहे आणि संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल. मुलगा नवीन लॅपटॉप घेऊन देतो म्हणतो. घ्यावा का?

उत्तर : काका, मुलाला सांगा पैसे साठव. तुमच्याकडे फोन आहेच, त्याला घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड जोडा, पाव किलोच्या आतबाहेर वजन, दीड-दोन हजारात येतो, आणि फोन उभा करायला छोटा स्टँड. अक्षरं लहान वाटली तर आठ-दहा इंची टॅब, पण लॅपटॉप नको. आश्रमात, धर्मशाळेत मोठ्या खोलीत मिळून एखाद-दोन प्लग असतात आणि त्यावर सगळ्यांचे फोन लटकलेले, तिथे लॅपटॉप लावून राखत बसणं जिवावर येतं. एक छोटा मल्टिप्लग मात्र न्या, लोक दुवा देतील. मराठी टायपिंग फोनवर बोलूनही होतं, गूगलच्या कीबोर्डात माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलायचं, मग चुका हाताने दुरुस्त करायच्या. लिहिलेलं रोज मुलाला पाठवून ठेवा, म्हणजे फोन नर्मदेत पडला तरी रोजनिशी राहील.

प्रश्न (सातारा, पहिल्याच वाचक ताई) : पुरवणी प्रश्न. गोव्याहून येताना आम्ही ट्रेनने किंवा विमानाने येऊ. सायकल पार्सल करताना लॅपटॉपचं काय?

उत्तर : मडगावला सायकल पार्सल ऑफिसला देणार असाल तर पॅनियर, लाइट, सीटखालची पिशवी, पंप सगळं काढून स्वतःजवळ घ्या, सायकल अगदी नागडी करून द्या, पेट्रोल गाडी असते तशी टाकी रिकामी करायची भानगड तुम्हाला नाही एवढंच. लॅपटॉप डब्यात, सीटखाली नाही तर उशाशी. विमानाने येणार असाल तर सायकल बॉक्समधे, पण पॉवरबँक त्या बॉक्समधे चुकूनही टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॉट-अवरच्या खाली असेल तर वेगळी परवानगी लागत नाही, तुमची ७४ची आहे, पण तो आकडा पॉवरबँकेवर छापलेला हवा, पुसला गेला असेल तर सिक्युरिटीवाले काढून ठेवू शकतात. लॅपटॉपही हातातच. मैत्रिणींच्या पॉवरबँका आणि ब्लिंकर लाइटच्या सुट्ट्या बॅटऱ्या कुणाच्या बॅगेत आहेत ते आदल्या रात्रीच बघून ठेवा, नाहीतर एअरपोर्टवर सायकलचा बॉक्स परत फाडायला लावतात.